‘मेकॅनिक कधीच सांगणार नाही’ म्हणे! सात सीटरवाल्यांनो, जरा थांबा

मे महिना आला की सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत उगवतो. फॅमिली गाडी तापते, एसी गार करत नाही, चेक इंजिनचा लाइट लागतो, तर मेकॅनिक कधीच सांगणार नाही असे घरगुती उपाय. खाली अंगठ्यांची रांग. अर्टिगा असो नाहीतर इनोव्हा, उपाय तेच.

पहिला, थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी तापणारच नाही. अहो, थर्मोस्टॅट इंजिन गार करायला नसतोच, योग्य तापमानावर ठेवायला असतो, बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 डिग्रीच्या आसपास उघडतो आणि मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे जातं. तो काढला की इंजिन गरम व्हायलाच उशीर, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंड आहे म्हणून पेट्रोल जास्त सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि काही इंजिनांत तर बायपास, म्हणजे रेडिएटर टाळणारी वाट, उघडी राहून गरम कूलंट आतल्या आतच फिरत राहतं, म्हणजे घाटात उलट जास्त तापते. अडकत असेल तर नवा टाका ना.

त्यापेक्षा गाडी कुठे तापते ते बघा आधी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना काटा चढतो आणि पळायला लागली की उतरतो, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर, त्याच्या रिलेवर, फ्यूजवर. शहरात एकदम ठीक आणि खंबाटकी चढताना, आत सात माणसं आणि वर कॅरिअरवर बॅगा, तिथंच तापते, तर कूलंट कमी, रेडिएटर चोक, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील). कूलंट सारखं कमी होतंय पण खाली थेंबही नाही, आणि इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर गॅस्केटची टेस्ट करूनच घ्या.

दुसरा, कूलंट म्हणजे कंपन्यांचा धंदा, बोअरचं पाणी चालतं, आणि तापली तर झाकण उघडून गार पाणी ओता. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलचं काय होतं ते माहितीये ना, तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वाटेत अडकलात तर बाटलीतलं पाणी घालून गॅरेज गाठा, ते चालतं, पण नंतर सिस्टिम फ्लश करून योग्य कूलंट भरा. झाकणाचं मात्र कळकळीनं सांगतो, आत प्रेशरखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण फिरवलं की थेट तोंडावर येतं. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, बाजूला घ्या, बंद करून पूर्ण गार होऊ द्या.

तिसरा, दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरा. गॅस काय पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. फार कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आधी लीक शोधायला सांगा. आणि त्याच्याही आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा, मागच्या सीटवाल्यांची निम्मी ओरड तिथंच मिटते. गाडीखाली स्वच्छ पाणी टपकतंय ते नॉर्मल, पण डावीकडच्या सीटपुढचं मॅट ओलं होत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय.

चौथा, उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला की इंजेक्टर जवळपास बंदच होतात, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं पेट्रोल जळतं. वर इंजिनचा ब्रेक गेला, भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर. नवले पुलाचा उतार रोज बघणाऱ्या पुणेकरांनी तरी हे पुढे पाठवू नये.

पाचवा, चेक इंजिनला बॅटरीची वायर दहा मिनिटं काढा. लाइट जातो, बरोबर, पण बिघाड कुठला ते सांगणारा कोडही जातो, म्हणजे पुरावाच पुसला. साधा ब्लूटूथ स्कॅनर स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि कोड वाचा. पेट्रोल गाडीत पी0301 आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, मग त्याची कॉइल (प्लगच्या ठिणगीला वीज देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघा, कोड पी0302 झाला तर कॉइल गेली, नाही हलला तर प्लग, नंतर इंजेक्टर. लाइट नुसता लागलेला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत न्या, पण उघडझाप करत असेल तर ओढत नेऊ नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि त्याचं बिल कॉइलच्या कितीतरी पट येतं.