‘वीस इंची’ म्हणजे नेमके किती?

जुन्या बीएमएक्स, म्हणजे लहान चाकांच्या, शर्यती-कसरतींच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सध्या एक सल्ला मोबाइलवरून फिरतो आहे : ‘सगळ्या बीएमएक्स वीस इंचीच असतात, तेव्हा कोणत्याही वीस इंचीचा पार्ट लावा; ढिला झाला तर पत्रा गुंडाळा, बसलाच नाही तर वेल्डिंग मारा.’ जालन्याच्या पोलाद भट्ट्यांकडे निघालेल्या भंगारातून वाचवलेल्या काही सायकली खोलून पाहिल्यावर मला यातले फारच थोडे पटते.

‘वीस इंच’ हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचे ढोबळ माप आहे. टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास बीएमएक्सच्या नेहमीच्या २० × १.७५ टायरला ४०६ मि.मी. असतो, तर २० × १ ३/८ या अरुंद टायरला ४५१ मि.मी. असतो. दुसऱ्या प्रकारचे चाक लावले की रिम साडेबावीस मि.मी. वर किंवा खाली सरकते आणि ब्रेकचे रबर टायरला तरी घासते, नाही तर आऱ्यांकडे पाहत राहते. गंमत अशी की १.७५ आणि १ ३/४ ही गणितात एकच संख्या असली तरी अपूर्णांकात लिहिलेला टायर ४१९ मि.मी.च्या रिमचा असू शकतो. म्हणून दुकानदाराला इंच सांगण्यापेक्षा टायरच्या कडेवरची ‘४७-४०६’ यासारखी जोडी पाहून तिच्यातला दुसरा आकडा सांगावा.

पॅडलचेही तसेच आहे. क्रँक म्हणजे पॅडल जोडलेला दांडा; एका सलग दांड्याच्या एकसंध क्रँकला पॅडलसाठी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आणि तीन तुकड्यांच्या क्रँकला साडेचार सूत व्यासाचे आटे असतात. दोन्हींत इंचाला वीसच आटे असल्याने नुसत्या नजरेला फसायला होते.

पत्र्याचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. माझ्याकडे आलेल्या एका सायकलीचे पुढचे चाक मी दोन गुडघ्यांत धरून हँडल वळवले, तर चाक जागीच राहिले आणि हँडल तेवढे फिरले. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आणि खाली नळीत उतरणारा दांडा, उपसून काढला, तेव्हा त्याभोवती थंड पेयाच्या डब्याचा पत्रा चुरगळून काळा पडलेला दिसला. व्हर्नियर लावल्यावर उलगडा झाला : स्टेम २१.१५ मि.मी.चा आणि चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) नळी २२.२ मि.मी.च्या स्टेमची. या जोडाची पकड तळाच्या पाचरीवर असते आणि वर गुंडाळलेला पत्रा तिला काहीच मदत करत नाही, त्यामुळे योग्य मापाचा स्टेम मिळेपर्यंत ती सायकल मी भिंतीलाच टेकवून ठेवली. सीटच्या दांड्याला मात्र वाळूजच्या एखाद्या टर्नरकडून पकडीच्या पूर्ण लांबीची, सलग नळी करून घातली तर माझी हरकत नाही.

चेनबाबत सल्ला बराचसा खरा आहे. अर्धा इंच बाय एक सूत ही साधी चेन चालते, फक्त गिअरच्या सायकलीची अरुंद चेन घेऊ नये.

राहिले वेल्डिंग. एकसंध क्रँकचे शेल, म्हणजे क्रँक ज्यातून जातो ती फ्रेमच्या तळाची आडवी नळी, ५१.३ मि.मी. व्यासाचे आणि बिनआट्यांचे असते, म्हणून तीन तुकड्यांचा क्रँक बसवण्यासाठी त्यात आटे असलेली नळी वेल्ड करून देतात. त्या उष्णतेने शेल अंडाकृती होऊ शकते, मग बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत. पातळ क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळीची फ्रेम असेल तर जोडालगतचे पोलादही आपली मूळ ताकद गमावते. याच कामासाठी शेलच्या दोन्ही बाजूंना बसणारा, आतून आटे पाडलेला अ‍ॅडॉप्टर मिळतो, आणि पुढे कधी मूळ क्रँक हाती लागलाच, तर अ‍ॅडॉप्टर काढून फ्रेमला धक्का न लावता जुना क्रँक परत चढवता येतो.