ॲनिमेबद्दलचा तो मेसेज आणि पैशाचा खरा हिशोब

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, याबद्दल सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ॲनिमे म्हणजे लहान पोरांची कार्टून्स, ओटीटीमुळे दोन-चार वर्षं हवा झालीय आणि जपानमधले ॲनिमेटर त्यावर नुसता पैसा छापतायत. तिन्ही गोष्टी चूक आहेत, तिसरी तर पार उलटी.

पोरांची कार्टून्स म्हणणाऱ्यांनी १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा ॲनिमे सिनेमा एकदा बघाच. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते आणि दोन भावंडं उपासमारीने खंगत जातात. लहान पोराला दाखवायची माझी तरी हिंमत होणार नाही.

आता ओटीटीची हवा. अहो, 'ॲस्ट्रो बॉय' ही ॲनिमे सिरीज १९६३ लाच अमेरिकेत टीव्हीवर गेली होती, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी ज्याच्यासाठी गल्ल्या ओस पडायच्या तो मोगलीसुद्धा जपानीच, गाणं तेवढं आपलं. ओटीटीने पसारा वाढवला हे मात्र खरं, २०२३ मध्ये ॲनिमेचा धंदा साधारण ३.३ लाख कोटी येनवर गेला आणि त्यात परदेशातला वाटा जपानमधल्यापेक्षा जास्त होता.

मग हा पैसा जातो कुठे? बहुतेक सिरीजला पैसे घालते ती प्रॉडक्शन कमिटी, म्हणजे प्रकाशक, टीव्ही चॅनल, म्युझिक कंपनी, खेळणीवाले असे सगळे मिळून, आणि ज्याने जेवढे घातले त्याला त्या हिशोबाने नफा. चित्रं काढणारा स्टुडिओ बऱ्याचदा त्यात नसतोच, त्याला ठरलेली रक्कम मिळते, मग सिरीज सुपरहिट होऊन टी-शर्ट, खेळणी धडाधड विकली गेली तरी त्याला वरचा एक येन नाही. त्यातही सगळ्यात खाली नवीन पोरं. सीनियर माणूस महत्त्वाच्या पोझेस काढतो, पण पात्राने नुसती मान वळवली तरी मधलं एकेक चित्र ही पोरं काढतात, आणि पैसे मिळतात चित्रामागे, दोनशे येनच्या आसपास. ॲनिमेटरांच्या संघटनेच्या २०१५ च्या सर्व्हेत या कामातली सरासरी कमाई वर्षाला जेमतेम ११ लाख येन निघाली, त्यात टोकियोत भाडं भरून जगायचं कसं ते सांगा!

आणि धंद्यात दुसरा मार्गच नाही असंही कोणी म्हणू नये, क्योटो ॲनिमेशन ही जपानी स्टुडिओ कंपनी आपल्या माणसांना चित्रामागे नाही, महिन्याचा पगार देते, स्वतः शिकवून तयार करते, आणि तिचं काम जगात नावाजलं जातं.