एइर, ग्रो आणि मरीआईचा गाडा

भाचीला गेल्या आठवड्यात सर्दी झाली. ती नॉर्वेत बर्गनला बालवाडीत काम करते. पोरांची नाकं तिथेही वाहतातच. व्हिडिओ कॉलवर शिंकत म्हणाली, "अगं मावशी, एइरने दिली." एइर म्हणजे तिच्या वर्गातली तीन वर्षांची चिमुरडी. "आणि गंमत माहितीये का? एइर ही यांच्या पुराणातली वैद्यदेवी आहे!"

मग गाडी ग्रोवर गेली. भाची म्हणाली, "इथली जुनी माणसं ग्रोबद्दल बोलायला लागली की वाटतं, हीच यांची एइर." मी म्हटलं, छे. तिने विचारलं, का? फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

ग्रो म्हणजे ग्रो हार्लेम ब्रुंटलँड. अख्खा नॉर्वे तिला नुसतं ग्रो म्हणतो, म्हणून मीही म्हणते. पेशाने डॉक्टर. 1981 मध्ये, वयाच्या 41व्या वर्षी, देशाची पहिली महिला पंतप्रधान. 1986 साली तिच्या 18 जणांच्या मंत्रिमंडळात तिच्यासकट 8 बायका होत्या. आपल्याकडे स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना ती 'शाश्वत विकासा'च्या व्याख्येपुरती पाठ असते. पण 1998 ते 2003 ती जागतिक आरोग्य संघटनेची प्रमुख होती, आणि मला तिचं अप्रूप आहे ते त्या पाच वर्षांसाठी.

आता एइर. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरीने जुन्या देवांच्या कथा लिहून ठेवल्या. त्यात थॉरचा हातोडा आहे, ओडिनचा एक डोळा आहे, लोकीच्या खोड्यांना तर अंत नाही. एइरच्या वाट्याला काय? देवींच्या यादीत तिसरी, आणि सर्वांत उत्तम वैद्य. बस्स, पुढे गोष्टच नाही. दुसऱ्या एका काव्यात लिफ्याबर्ग नावाचा, म्हणजे औषधाचा डोंगर आहे. तिथे मेंग्लोड नावाच्या स्त्रीच्या पायाशी एइर इतर मुलींसोबत बसलेली असते. जी बाई तो डोंगर चढून जाईल तिचं जुनं दुखणंही बरं होतं.

इथेच माझं भांडण आहे. डोंगरावर बसून राहायचं आणि आजाऱ्याने चढून यायचं, याला आम्ही दवाखाना म्हणतो. सार्वजनिक आरोग्य म्हणत नाही.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स होते, आता निवृत्त आहे. पोलिओच्या रविवारी बूथ, आणि सोमवारपासून खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर अडकवून घरोघरी. बाळाचे गाल दाबून दोन थेंब सोडायचे, डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण करायची आणि दारावर खडूने लिहायचं. सगळी पोरं झाली असतील तर 'पी', एखादं सुटलं असेल तर 'एक्स'. एक्सच्या घरी परत जायचं, मग पुन्हा परत. दारात बाई म्हणायची, "सिस्टर, पोरगं धडधाकट हाय, डोस कशाला?" पोरगं धडधाकट आहे म्हणूनच तर डोस! पण धडधाकट पोराला घेऊन कोणती आई डोंगर चढेल? आपणच उतरावं लागतं. 13 जानेवारी 2011 नंतर देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही. जो लुळा झालाच नाही त्याला ते कळतही नाही. त्यामुळे या कामाची गोष्ट होत नाही. तेवढ्यापुरतं एइरशी आमचं नातं मान्य.

आमच्या देवीची गोष्ट मात्र आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवायचे, गावाबाहेर ओढत न्यायचे आणि शिवेवर सोडून यायचे. पुढे त्या गावाचं नशीब. आजी हे इतक्या सहज सांगायची, जणू उष्टं-खरकटं टाकून आले! गाव सुटलं ना, मग झालं.

2002 च्या नोव्हेंबरात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात एक नवा न्यूमोनिया सुरू झाला. सरकार गप्प. फेब्रुवारीत तिथला एक डॉक्टर हाँगकाँगच्या हॉटेलात उतरला आणि त्या एका हॉटेलातून आजार हनोई, सिंगापूर, टोरांटोला पोहोचला. गाडा आता विमानाने फिरत होता. हनोईत कार्लो उर्बानी या जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉक्टरने ओळखलं की हे काहीतरी वेगळं आहे. 29 मार्चला तो स्वतःच त्या आजाराने गेला.

त्या वेळचे आंतरराष्ट्रीय नियम काय होते माहितीये? फक्त पटकी, प्लेग आणि पीतज्वर हे तीन आजार कळवणं बंधनकारक. नव्या आजाराबद्दल कोणी तोंड उघडलं नाही तरी नियम मोडत नव्हता. ग्रोने 12 मार्च 2003 ला जगभर इशारा दिला. 15 मार्चला 'सार्स' हे नाव आणि प्रवाशांसाठी सूचना. 2 एप्रिलला हाँगकाँग आणि ग्वांगडाँगला जाणं टाळा, असं थेट सांगितलं. असा अधिकार तिला कोणत्याही कलमाने दिलेला नव्हता. वर चीनने आधी सांगायला हवं होतं, हेही तिने उघड बोलून दाखवलं. एवढ्या मोठ्या देशाला हे चारचौघांत ऐकवायचं! आमच्याकडे तालुक्याचे साहेब सरपंचालाही बोलत नाहीत.

पण ही बाजू गोड नाही, आणि म्हणून मला एइरची तिसरी नोंद आवडते. वाल्किरींच्या नावांच्या एका यादीतही तिचं नाव येतं. वाल्किरी म्हणजे रणात कोण मरणार ते निवडणाऱ्या. 23 एप्रिलला टोरांटोचं नाव ग्रोच्या 'जाणं टाळा'च्या यादीत आलं, कॅनडा खवळला, आठवड्याभरात नाव काढावं लागलं. शहरात जाऊ नका म्हटलं की हॉटेलं ओस पडतात, टॅक्सीवाल्याची चूल विझते. ग्रोला हे कळत नव्हतं असं नाही.

आम्ही ते 1994 ला भोगलंय. बीडच्या मामला गावात प्लेग, मग सुरतेत. मी शेजारच्या जिल्ह्यात दारोदार "मेलेला उंदीर दिसला का?" विचारत फिरत होते. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब, लोकांच्या तोंडाला रुमाल. आपण आजार जाहीर केला आणि देशोदेशींची विमानं भारताकडे यायची थांबली. खरं बोलल्याचा हा दंड. तो पाहिलेला देश पुढच्या वेळी गप्प का बसतो, ते मला कळतं. माफ करत नाही, पण कळतं.

5 जुलै 2003 ला सार्सची साखळी तुटल्याचं जाहीर झालं. आठ हजारांवर रुग्ण, 774 मृत्यू. त्याच महिन्यात ग्रोची मुदत संपली. नियम बदलले 2005 मध्ये, म्हणजे ती आधी करून मोकळी झाली आणि कायदा मागून आला. देवीला कायद्याची पर्वा नसते. ग्रोला होती, तरी केलं. मला हे जास्त मोठं वाटतं.

आणि देवी म्हटलं की चुका झाकाव्या लागतात. मोबाइल जवळ आला की आपलं डोकं दुखतं, असं ग्रो 2002 मध्ये म्हणाली होती. जगाच्या आरोग्याची प्रमुख, आणि पुराव्याच्या नावाने स्वतःचं डोकं! आमच्या केंद्रात एखादी बाई असं म्हणाली असती तर आम्ही हसलो असतो.

तंबाखूविरोधी करारही तिच्याच कारकिर्दीतला. 21 मे 2003 ला मंजूर झाला, भारत पुढच्याच वर्षी त्यात सामील झाला. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. तो वास नाकात गेला की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. आता पुड्यांवर सडलेल्या तोंडाचे फोटो असतात. आमच्या स्टँडवरच्या टपरीत एकाने पुडी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यादेखत दुकानदाराला परत दिली. "हे चित्र नको रं, दुसरं दे."