खुलासा : मुंबईतील घरगुती पाणीपट्टी राज्याचे प्राधिकरण वसूल करणार नाही

‘२००५ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आता मुंबईतील प्रत्येक घराकडून वेगळी पाणीपट्टी घेणार’ हा गृहनिर्माण संस्थांमध्ये फिरणारा संदेश चुकीचा आहे. प्राधिकरण राज्याच्या धरणांतून सिंचन, उद्योग व नागरी संस्थांना मिळणाऱ्या पाण्याचा ठोक दर ठरवते. घरगुती दर मात्र मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार पालिकाच निश्चित करते. भातसा व ऊर्ध्व वैतरणा ही धरणे राज्य शासनाची असल्याने तेथील पाण्याचे पैसे पालिका शासनाला देते. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर व मध्य वैतरणा हे जलाशय तिचे स्वतःचे आहेत. ठोक दर वाढल्यास पालिकेचा खर्च वाढतो, एवढा संबंध खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. परंतु त्यावरून रहिवाशांना दुहेरी देयकाची भीती घालणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.