मुंबई हायचं तेल ‘आपलं’ म्हणून स्वस्त मिळेल?

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. म्हणणं असं: मुंबई हायचं तेल आपलं, त्याला परदेशी भाव कशाला? 2008 मध्ये क्रूड (कच्चं तेल) बॅरलला 147 डॉलर असताना पेट्रोल 50-55 रुपये होतं, आता क्रूड निम्म्यावर येऊनही शंभरीपार का? आणि जगात भाव पडला तरी पंपावर का उतरत नाही?

पहिला मुद्दा साफ चूक. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा गुजरातचा व्यापारी जो दर देतोय त्याच्या खाली कुणी गाववाल्याला गुळाचा रवा (ढेप) देतो का? मुंबई हायचं तेल काढणारी सरकारी कंपनी ओएनजीसीही जागतिक दर धरूनच क्रूड विकते. त्यात आपल्याला लागणारं 85 टक्क्यांहून जास्त क्रूड बाहेरून येतं. उरलेल्या थेंबाने जगाचा भाव काय हलणार!

देशी तेल स्वस्त होतं ते बाहेर जायची वाट अडली की. अमेरिकेत 2011 च्या सुमारास तसं झालं. क्रूडच्या निर्यातीवर बंदी, ओक्लाहोमात कुशिंगच्या टाक्या तुडुंब, आणि तिथलं डब्ल्यूटीआय (अमेरिकी क्रूड) ब्रेंटपेक्षा, म्हणजे जगात ज्याचा भाव धरतात त्या क्रूडपेक्षा, 20 डॉलरहून स्वस्त. पण पेट्रोल निर्यात करायला मोकळीक होती, त्यामुळे पंपावरचा दर ब्रेंटच्याच मागे गेला. मधला मलिदा रिफायनऱ्यांना.

आता 2008. बॅरल म्हणजे 159 लिटर. 147 डॉलर गुणिले तेव्हाचे 43 रुपये, म्हणजे क्रूड लिटरला जवळपास 40 रुपये. 2025 च्या आसपासचे 70 डॉलर आणि 85 रुपये धरून बघा: साधारण 37. डॉलरमध्ये निम्मं, रुपयात फरक दोन-तीन रुपयांचा! तेव्हा सरकारने ऑइल बाँड (तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले उधारीचे रोखे) काढून आणि ओएनजीसीला सवलत द्यायला लावून भाव दाबला होता. बाँडची उधारी पुढे फेडावी लागलीच.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. एप्रिल 2020 मध्ये क्रूड 20 डॉलरपर्यंत घसरलं आणि मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर 10, डिझेलवर 13 रुपये कर चढवला. जून 2017 पासून दर रोज बदलायचे ठरलेत. पण 2022 ची उत्तर प्रदेशची निवडणूक संपेपर्यंत ते चार महिने जागचे हलले नव्हते.

राज्याचा व्हॅट वेगळाच. कागल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीच्या पंपावर टाकी भरणाऱ्याला विचारा. दोन्हीकडे क्रूड तेच, डॉलर तोच. बदलतो तो कर.