बाळ बघायला येणाऱ्यांसाठी

दुसरे मूल झाले की घरातील पहिल्या मुलाला एका रात्रीत प्रौढ ठरवण्याचा अधिकार आल्या-गेल्याला कोणी दिला आहे, हे मला एकदा समजून घ्यायचे आहे. माझी मोठी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिला अजून चपलांचा डावा-उजवा कळत नाही. पण धाकटा घरी आल्यापासून प्रत्येक पाहुणा तिला ‘आता तू ताई झालीस, शहाण्यासारखे वागायचे’ असे बजावून जातो. एवढ्यावर भागले असते तरी मी ऐकून घेतले असते. परंतु बारशाला आलेल्या एका नातलग बाईंनी पेढा तोंडात टाकत तिला विचारले, ‘आई आता बाळाची झाली, तुला कोण विचारणार?’ आणि भोवतालच्या सगळ्या जणी खदखदून हसल्या. पोर हसली नाही. ती पाळण्याखाली शिरून बसली, आणि कधीचे सुटलेले अंथरूण ओले करणे त्या रात्रीपासून पुन्हा सुरू झाले.

धाकटे भावंड आले की मोठे मूल असे मागे जाते, बाटली मागते, बोबडे बोलू लागते, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. आमच्याकडे मात्र ‘तुम्हीच लाडावून ठेवली आहे’ हे निदान तयार असते, आणि ते करणारी माणसे नेमकी तीच असतात जी तिला डिवचून गेलेली असतात.

तिच्याबरोबर माझीही बढती झाली आहे. ‘दुसऱ्या वेळी काय, सवय असते’ या एका वाक्यावर या खेपेस शेकशेगडी, मालिशवाली बाई, अळिवाचे लाडू असे सगळेच आटोपते घेतले गेले आणि मी लवकरच ओट्याशी उभी राहिले. रात्री दोन वाजता एक अंगावर पीत असताना दुसरी गाऊन ओढून ‘मलाच घे’ म्हणून आकांत करते, याची सवय मला पहिल्या खेपेस कशी लागली असेल? प्रसूती रजेचा कायदासुद्धा पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणाला सारखीच २६ आठवड्यांची रजा देतो. सवयीची सबब त्यालाही सुचलेली नाही. बापाचे मात्र त्याला काही पडलेले नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निदान १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापाला एक दिवसही देण्याची सक्ती नाही. माझ्या नवऱ्याने साठवलेल्या रजेतून बारशापुरते दिवस काढले, तर ‘जावई किती हो करतात’ म्हणून त्याचेच कौतुक झाले.

तेव्हा यापुढे ज्यांना यायचे असेल त्यांनी झबली आणि खुळखुळे आणू नयेत; ते घरात पुष्कळ झाले आहेत. मोठीला अर्धा तास बागेत फिरवून आणावे, नाहीतर मोरीतली भांडी घासून द्यावीत. दोन्ही जमणार नसेल, तर बाळाचा फोटो मी व्हॉट्सअॅपवर पाठवीन.