'पॉलिश मारलं नाही आणि पारा काढून घेतला' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू मुलीने मोठ्याने वाचून दाखवला, फोनवर एवढं बारीक मला दिसत नाही, आणि वाचताना ती दोनदा हसली, तेव्हा आधीच सांगतो की मी चिडून लिहीत नाहीये. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी बाबांच्या पंचाहत्तरीला आमच्याकडून दोन वस्तू नेल्या, लाइट्झ या जर्मन कंपनीचा पितळी मायक्रोस्कोप ४२ हजाराला आणि लाकडी पेटीतलं पाऱ्याचं जुनं बीपीचं मशीन साडेसहा हजाराला. बाबा रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट. ताईंची तक्रार अशी की मायक्रोस्कोप काळपट डागाळलेला दिला, पॉलिश करून द्या म्हटलं तर मालकांनी लेक्चर झाडलं, तसाच जुन्या बाजारात अडीच हजाराला मिळतो, न्यूजर्सीच्या भावाकडे कुरिअर करायला नाही म्हणाले, आणि घरी जाऊन बीपीचं मशीन उघडलं तर आत पाराच नाही. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो, "ओरिजिनल ओरिजिनल करत पॉलिशला हात लावू देत नाहीत आणि पारा मात्र स्वतःच काढून घेतात."

हे वाक्य लागलं मला. कारण त्यात खोटं काही नाही.

तर पाऱ्याचंच आधी. पारा मीच काढला, तुम्ही पैसे दिल्यावर आतल्या खोलीत पॅकिंग करताना काढला, आणि तुम्हाला बोललो नाही. बोलायला हवं होतं, बिलावर लिहायला हवं होतं, चूक माझी. गर्दी होती वगैरे सांगत नाही, आमच्याकडे रविवारी सुद्धा चारच माणसं येतात. पण का काढला ते ऐका. या मशीनमध्ये काचेच्या नळीच्या वरच्या टोकाला चामड्याची एक चकती असते, हवा जाऊ द्यायची आणि पारा अडवायचा एवढंच तिचं काम. तुमच्या मशीनमधली चकती वाळून बिस्किटासारखी चुरा झाली होती, मशीन आडवं झालं की पारा बाहेर. आणि तुम्ही ते ॲक्टिव्हावर पायाशी ठेवून सिंहगड रोडने नेणार होतात, खड्डे आणि स्पीडब्रेकर धरून. काढलेला पारा काट्यावर ठेवला तर ८४ ग्रॅम भरला, तापाच्या थर्मामीटरमध्ये जेमतेम एखादा ग्रॅम असतो. लहानपणी थर्मामीटर फुटला की त्या गोळ्या तळहातावर घेऊन आपण सगळेच खेळलोय, ते सोडा, पण फरशीच्या फटीत ८४ ग्रॅम गेला की त्याची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते, ना वास येतो ना दिसते. सोन्याच्या बांगडीला लागला तर बांगडी पांढरी पडते ते वेगळंच. उगाच नाही मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करायच्या आंतरराष्ट्रीय करारात, पाऱ्याची बीपी मशीनं बनवणं बंद करायला २०२० ची मुदत घातली, आणि २०१८ मध्ये आपल्या देशानेही तो करार मान्य केलाय.

तुमचा पारा मी विकलेला नाही. जाड बाटलीत, वर पाण्याचा थर ठेवून, बूच सील करून, तुमचा बिल नंबर चिकटवून ठेवलाय. येऊन बघा. परत मात्र देणार नाही, त्यासाठी अजून एक स्टार कापायचा तर कापा, तसा एकच उरलाय. मशीन नको असेल तर पूर्ण साडेसहा हजार परत, ठेवायचं असेल तर दोन हजार परत, तुम्ही सांगाल तसं.

आता पारा काढलेला चालतो मग पॉलिश का नाही. माझा हिशोब एवढाच आहे की पारा उद्या कोणालाही परत भरता येतो, नवी चकती टाकली की मशीन होतं तसं. मायक्रोस्कोपवरचं लॅकर, म्हणजे लाखेचं पातळ आवरण, गेलं की गेलं. तो जो सोनेरी रंग दिसतो ना तो नुसता पितळेचा नाही, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कोमट केलेल्या पितळेवर पातळ पातळ हात मारलेले असतात, आणि ते फॅक्टरीत मारलेले, शंभर वर्षांपूर्वी. ब्रासो किंवा पितांबरी आधी तेच खाते. मग उघडं पितळ दोन दिवस निरांजनासारखं चकचकतं आणि आपल्या एका पावसाळ्यात आधीपेक्षा काळं होतं, मग परत घासा. तुम्हाला जे डाग वाटले ते कुठे आहेत नीट बघा, फोकसच्या चाकापाशी आणि जिथे धरून उचलतात तिथेच, बाकी अंग स्वच्छ आहे. म्हणजे तिथली लाख माणसांच्या बोटांनी, घामाने गेलीये, रोज काम करणाऱ्या कोणाच्या तरी. दुकानात "हात लावू नये" ही पाटीही त्याच घामापायी आहे, अपमान म्हणून नाही (भाषा माझ्या वडिलांची, ती बदलायची माझी टाप नाही).

आणि काहीच केलं नाही असं नाही हो. चाकातलं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं, ते काढलं. ऑइल इमर्शनच्या लेन्सवर, म्हणजे तेलाचा थेंब लावून बघायची ती १/१२ लिहिलेली, सीडरवुड तेल सुकून पिवळी काच झालेली, ते झायलॉल नावाच्या सॉल्व्हंटने काढायला तीन संध्याकाळी गेल्या, कारण आतली भिंगं कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या राळेने चिकटवलेली असतात आणि झायलॉल जास्त झालं तर ते पण विरघळतं. बाबांना विचारा, टीबी आणि मलेरिया त्यांनी असल्याच लेन्सखाली बघितला असणार. माझं लेक्चर तुम्हाला लांबलं असेल, मान्य, पण त्यांना आवडलं असतं.

जुन्या बाजाराचं. मी स्वतः तीस वर्षं बुधवार-रविवार मंगळवार पेठेत फिरतोय, खरा माल तिथेही निघतो, नाही असं नाही. पण अडीच हजाराचा तो चकाचक मायक्रोस्कोप नव्या पितळेचा, शोभेचा असतो, भिंग बहुतेक नुसती काच. जुनं दिसावं म्हणून केमिकलने काळं करतात, मग काळेपणा सगळीकडे सारखा येतो, जिथे बोट कधी जाणारच नाही तिथे, आट्यांच्या आत सुद्धा. तिथेच दुर्बिणी आणि सेक्स्टंट (जहाजावर कोन मोजायचं उपकरण) पण दिसतील, त्यावर ऐटीत कोरलेलं असतं केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७. आता या नावाची कंपनी झालीच मुळात १९४७ मध्ये, दोन कंपन्या एकत्र येऊन. सुरुवातीला असला एक सेक्स्टंट मी ११ हजाराला घेतला होता आणि आठवडाभर मिरवत होतो. अजून काउंटरवर आहे, बिलं उडू नयेत म्हणून.

तुमच्या लाइट्झवर नंबर आहे १ लाख ३० हजारांच्या पुढचा. त्यांचा एक लाखावा मायक्रोस्कोप १९०७ मध्ये रॉबर्ट कॉखला दिला होता, टीबीचा जंतू शोधणारा तोच, म्हणजे तुमचा त्याच्या नंतरचा, १९१० च्या आसपास धरायला हरकत नाही. बिलावर मी "१९०७ नंतरचा" एवढंच लिहिलंय, त्याहून जास्त छातीठोक लिहीत नाही. भावाकडे पाठवायला नाही म्हटलं ते पण याचमुळे. शंभरी ओलांडली की १९७२ च्या कायद्याने वस्तू अँटिक्विटी, म्हणजे पुरावस्तू, ठरते आणि आपल्याला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, गिफ्ट म्हणून सुद्धा. हे मी त्या दिवशी "नाही होणार" एवढ्यावरच संपवलं, ते जरा तुसडं झालं.

आता खरी घाई कशाची आहे ते. तुमच्या रिव्ह्यूतला तिसरा फोटो मुलीने मोठा करून दाखवला, त्यात मायक्रोस्कोपचा खालचा पाय लखलखतोय आणि बाजूला फडकं आहे. पाय झालाय तर झालाय, त्याला आता काही करू नका. पण कृपा करून नळीला हात लावू नका, नंबर तिथे कोरलाय, आणि कोरीव अक्षरं घासून पुसट झाली तर उद्या कोणालाच सांगता येणार नाही की हा कधीचा. पावसाळ्यात लाकडी पेटीत बंद करून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते, बाहेर काचेखाली ठेवा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या टाका.

गुरुवार सोडून कधीही या, दुपारी १ ते ४ सोडून. बाबांना घेऊन आलात तर बरं, बीपीच्या मशीनचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू दे. आणि मायक्रोस्कोपच्या पेटीची जी किल्ली मिळत नव्हती ती सापडलीये, ड्रॉवरमध्ये अस्तराखाली होती, पाकिटात घालून ठेवलीये.